रूपांतरित खडकांचे समस्थानिकीय वयोमापन

आधी अस्तित्वात असलेल्या अग्निज वा गाळाच्या खडकांवर उष्णता, दाब व रासायनिक द्रव्ये यांचा परिणाम होऊन ते न वितळता त्यांची खनिजे व पोत बदलले म्हणजे रूपांतरित खडक तयार होतात. अशा खडकांतील किरणोत्सर्गी समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे भिन्न अणुभारांचे प्रकार) व त्यांच्या क्षयाने निर्माण झालेले समस्थानिक यांची परस्पर प्रमाणे मोजून त्यांवरून खडकाच्या इतिहासातील घटनांचे काल ठरविता येतात. या पद्धतीला समस्थानिकीय वयोमापन म्हणतात. शिलारस थंड होऊन बनलेल्या अग्निज खडकाच्या बाबतीत ‘वय’ या शब्दाचा अर्थ बहुधा स्पष्ट असतो. रूपांतरित खडकाच्या बाबतीत तो तसा नसतो. मूळ खडक केव्हा तयार झाला, त्याचे रूपांतरण केव्हा झाले आणि रूपांतरणानंतर तो केव्हा थंड झाला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आणि रूपांतरण एकाहून अधिक वेळा झालेले असले, तर प्रश्नही तितकेच वाढतात. प्रयोगशाळेतून मिळणारी संख्या यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे ओळखण्यास भूवैज्ञानिकांना सु. साठ-सत्तर वर्षे लागली. या पद्धतीचा इतिहास हा उपकरणांच्या इतिहासाइतकाच या ओळखीचाही इतिहास आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. खंडांच्या प्राचीन गाभ्यांचे, म्हणजे ढालक्षेत्रांचे, बहुतेक खडक रूपांतरित आहेत. आर्कीयन (सु. ४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील खडकांत कालनिर्णयास उपयोगी पडतील असे जीवाश्म नाहीत. त्यामुळे पृथ्वीचे कवच केव्हापासून टिकून आहे, खंड कोणत्या गतीने वाढले व जीवसृष्टीचा आरंभ किती मागे नेता येतो, या सर्व प्रश्नांची उत्तरे शेवटी पट्टिताश्म (निरनिराळ्या खनिजांचे पट्टे असलेला भरडकणी रूपांतरित खडक), सुभाजा (सहज पापुद्रे सुटणारा रूपांतरित खडक) व अँफिबोलाइट यांच्या वयांवर अवलंबून राहतात.

पूर्वेतिहास : किरणोत्सर्गाचा शोध लागण्यापूर्वी खडकांचा क्रम त्यांच्या परस्परसंबंधांवरून लावीत. एक खडक दुसऱ्याला छेदून गेला असेल, तर छेदणारा नंतरचा. पिंडाश्मातील गोटे ज्या खडकाचे, तो खडक पिंडाश्माच्या आधीचा. हे नियम आजही निरपवाद आहेत. त्यांच्या जोडीला मात्र एक चुकीचा समज रूढ झाला होता. खडक जितका अधिक रूपांतरित व स्फटिकमय, तितका तो अधिक जुना, असे मानीत. आल्प्समध्ये नूफेनेन खिंडीजवळील गार्नेटयुक्त सुभाजांमध्ये बेलेम्नाइट या जुरासिक काळातील प्राण्याचे जीवाश्म सापडतात. यावरून हा समज खोटा ठरतो. तरीही जेथे जीवाश्म नव्हते तेथे तो दीर्घकाळ टिकला, कारण त्याच्या जागी ठेवण्यास दुसरे काही नव्हते.

युरेनियमाच्या क्षयाने साठणाऱ्या हीलियमावरून खनिजाचे वय काढता येईल, ही कल्पना अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९०४-०५ च्या सुमारास मांडली. हीलियम वायू असल्याने तो निसटतो व वय कमी येते, हे लवकरच दिसून आले. बर्ट्रम बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये हीलियमाऐवजी शिशाचा आधार घेऊन काही खनिजांची वये प्रसिद्ध केली. ती ४१ कोटी ते २२० कोटी वर्षे अशी होती. त्यांनी वापरलेले क्षयाचे स्थिरांक आज अचूक मानले जात नाहीत आणि थोरियमापासूनही शिसे बनते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. तथापि लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वीला देऊ केलेल्या दोन-चार कोटी वर्षांच्या मर्यादेपुढे या संख्या किती मोठ्या होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये आर्थर होम्स यांनी १९११ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नॉर्वेतील डेव्होनियन खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले आणि पुढील अर्धशतक हा विषय जवळजवळ एकट्याने जिवंत ठेवला. समस्थानिकांची संकल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडली. म्हणजे होम्स यांचे पहिले काम समस्थानिक माहीत नसतानाच झालेले होते.

होम्स यांचा भारताशीही संबंध आला. द्वीपकल्पीय भारत व श्रीलंका येथील कँब्रियन-पूर्व खडकांच्या कालनिर्णयावर त्यांनी १९५५ मध्ये विस्तृत निबंध लिहिला व धारवाड, पूर्व घाट, सातपुडा इ. पट्ट्यांचा वयानुसार क्रम लावण्याचा प्रयत्न केला. त्यांचा आधार मुख्यतः पेग्मटाइट शिरांतील युरेनियमयुक्त खनिजे व गॅलेना (शिशाचे धातुक) हा होता. म्हणजे जी वये मिळाली, ती पट्टिताश्मांची नसून त्यांच्यात नंतर घुसलेल्या शिरांची होती. पट्टिताश्म त्याहून जुने, एवढेच त्यावरून म्हणता येत होते; किती जुने, हे सांगता येत नव्हते.

उपकरणे व पद्धती : मिनेसोटा विद्यापीठातील ए. ओ. नीर यांनी १९३८ ते १९४१ या काळात शिशाच्या समस्थानिकांची प्रमाणे अचूक मोजली आणि १९४० मध्ये द्रव्यमान वर्णपटमापकाची (समस्थानिकांचे अणुभारानुसार पृथक्करण करून त्यांची प्रमाणे मोजणाऱ्या उपकरणाची) सुटसुटीत रचना सिद्ध केली. आधुनिक वयोमापनाचा पाया येथे घातला गेला. जर्मनीत ओटो हान व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा येथील लिथियमयुक्त अभ्रकातून स्ट्राँशियम वेगळे केले. ते जवळजवळ शुद्ध स्ट्राँशियम (८७), म्हणजे रुबिडियमाच्या क्षयातून आलेले आहे, असे आढळले. एल्. टी. ऑल्ड्रिच व नीर यांनी १९४८ मध्ये पोटॅशियमयुक्त खनिजांत आर्‌गॉन (४०) साठलेला असतो, हे दाखविले. अशा रीतीने तीन घड्याळे उपलब्ध झाली : युरेनियम-शिसे (अर्धायुष्ये – मूळ अणूंपैकी निम्मे क्षय पावण्यास लागणारे काल – युरेनियम २३८ साठी सु. ४४७ कोटी व युरेनियम २३५ साठी सु. ७० कोटी वर्षे), पोटॅशियम-आर्‌गॉन (१२५ कोटी वर्षे) व रुबिडियम-स्ट्राँशियम (सु. ५,००० कोटी वर्षे). समेरियम-निओडिमियम (१०,६०० कोटी वर्षे) ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात त्यांत भर पडून आली.

घड्याळांतील मतभेद : तीन घड्याळे हाती आल्यावर ती एकमेकांशी जुळतील अशी अपेक्षा होती. अग्निज खडकांत ती पुष्कळदा जुळली. रूपांतरित खडकांत ती जुळेनात. वॉशिंग्टन येथील कार्नेगी इन्स्टिट्यूशनमधील जी. आर्. टिल्टन, जी. डब्ल्यू. वेदरिल व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये मेरिलंडमधील बॉल्टिमोर पट्टिताश्माचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील झिर्कॉनचे वय सु. ११० कोटी वर्षे आले, तर त्याच खडकातील कृष्णाभ्रकाचे सु. ३० कोटी वर्षे. खडक एकच, मोजमापे निर्दोष, आणि तरीही दोन संख्यांत सु. ८० कोटी वर्षांचे अंतर. पूर्वी असे निष्कर्ष ‘सदोष’ म्हणून बाजूला ठेवीत. या अभ्यासकांनी दोन्ही खरे मानले : जुना ग्रॅनाइटी खडक ११० कोटी वर्षांपूर्वीचा व त्यावर ॲपालॅचियन पर्वत घडताना झालेले रूपांतरण ३० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचे. झिर्कॉनने पहिली घटना लक्षात ठेवली व अभ्रकाने दुसरी.

खनिज आपला क्षयज पदार्थ केव्हा गमावते, हा प्रश्न यातून पुढे आला. घटिकापात्राला तडा असेल, तर त्यातील पाण्याच्या पातळीवरून वेळ सांगता येत नाही. मात्र तडा केव्हा बुजला हे माहीत असेल, तर तेव्हापासूनची वेळ सांगता येते. खनिजांच्या बाबतीत तडा बुजविण्याचे काम थंड होणे करते. एस्. आर्. हार्ट यांनी १९६४ मध्ये कोलोरॅडोतील एल्डोरा येथे याचा निसर्गातच झालेला प्रयोग अभ्यासला. तेथे सु. १४० कोटी वर्षांपूर्वीच्या रूपांतरित खडकांत सु. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी शिलारसाची एक लहान राशी घुसली. तिच्या उष्णतेने पुष्कळ अंतरापर्यंतच्या कृष्णाभ्रकातील आर्‌गॉन निसटून त्याचे वय कमी झाले होते. हॉर्नब्लेंडाचे वय मात्र संपर्काच्या अगदी लगतच्या भागातच बदललेले आढळले. बर्न येथे एमिली येगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्प्समधील अभ्रकांवर याच सुमारास काम केले. मध्य आल्प्समध्ये कृष्णाभ्रकाची वये दीड-दोन कोटी वर्षांइतकी कमी येत व ती रूपांतरणाची नसून त्यानंतर खडक वर उचलला जाऊन थंड होण्याची आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. या सर्व निरीक्षणांना एम्. एच्. डॉडसन यांनी १९७३ मध्ये गणिती रूप दिले. ज्या तापमानाच्या खाली क्षयज पदार्थ खनिजात कोंडला जातो, त्याला बंदिस्ती तापमान म्हणतात. ते खनिज, कणांचा आकार व थंड होण्याची गती यांनुसार बदलते. स्थूलमानाने ते कृष्णाभ्रकासाठी सु. ३००° से., रुबिडियम-स्ट्राँशियम पद्धतीत शुभ्राभ्रकासाठी व आर्‌गॉन पद्धतीत हॉर्नब्लेंडासाठी सु. ५००° से. आणि झिर्कॉनमधील शिशासाठी ९००° से.हून अधिक असते. त्यामुळे एकाच खडकातील निरनिराळी खनिजे निरनिराळ्या वेळा दाखवितात आणि त्यांवरून तो खडक किती वेगाने थंड झाला हेही काढता येते. एकेकाळी दोष मानलेली गोष्ट अशा प्रकारे साधन बनली.

झिर्कॉनही सर्वस्वी अभेद्य नाही. किरणोत्सर्गाने त्याची स्फटिकरचना बिघडते व शिसे गळते. परंतु युरेनियमाच्या दोन समस्थानिकांमुळे त्यात दोन स्वतंत्र घड्याळे एकत्र असतात. वेदरिल यांनी १९५६ मध्ये या दोहोंची प्रमाणे एका आलेखावर मांडून, दोन्ही वये जुळतात असे बिंदू ज्या वक्रावर येतात तो वक्र काढला. शिसे गळालेले झिर्कॉन या वक्राच्या खाली एका सरळ रेषेवर येतात आणि ही रेषा वक्राला वर जेथे छेदते तेथे मूळ वय मिळते. गळती झालेल्या घड्याळावरूनही खरी वेळ काढण्याची ही युक्ती प्राचीन खडकांच्या अभ्यासात अपरिहार्य ठरली आहे.

संपूर्ण खडकाची रीत : पश्चिम ऑस्ट्रेलियातील बोया ग्रॅनाइटाचा अभ्यास करताना डब्ल्यू. कॉम्पस्टन व पी. एम्. जेफ्री यांनी १९५९ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. खडक तापला म्हणजे अभ्रकातील स्ट्राँशियम बाहेर पडते. पण ते फार दूर जात नाही, शेजारच्या फेल्स्पारात वा ॲपेटाइटात शिरते. म्हणून सुटे खनिज जरी आपले मूळ वय विसरले, तरी काही किलोग्रॅम वजनाचा संपूर्ण तुकडा ते विसरत नाही. एल्. ओ. निकोलायसेन यांनी १९६१ मध्ये यासाठी सोयीचा आलेख सुचविला. आडव्या अक्षावर रुबिडियम (८७) व उभ्या अक्षावर स्ट्राँशियम (८७) यांची स्ट्राँशियम (८६) शी असलेली प्रमाणे मांडतात. खडकराशी निर्माण होताना तिच्या सर्व नमुन्यांतील स्ट्राँशियम सारखेच असल्याने बिंदू आडव्या रेषेवर असतात. पुढे ज्यात रुबिडियम अधिक तो बिंदू अधिक वर सरकतो व रेषा कलते. या रेषेला समकालरेषा म्हणतात. तिचा कल म्हणजे वय, आणि ती उभ्या अक्षाला जेथे मिळते ते खडकाच्या आरंभीचे स्ट्राँशियमचे प्रमाण. हे दुसरे मूल्य वयाइतकेच उपयोगी आहे, कारण ते द्रव्य खडक बनण्यापूर्वी कवचात राहिले होते की थेट प्रावरणातून आले होते, हे त्यावरून समजते. खनिजांची समकालरेषा रूपांतरणाचे व संपूर्ण खडकांची समकालरेषा मूळ खडकाचे वय देते, असे सुटसुटीत सूत्र १९६० नंतर प्रचारात आले. ते पुष्कळदा खरे ठरते, नेहमी नाही.

पश्चिम ग्रीनलंड : या सूत्राची कसोटी ग्रीनलंडमध्ये लागली. गोद्थॉब (१९७९ पासून नूक) या शहराभोवतीच्या फ्योर्डांच्या काठी बर्फाने घासून स्वच्छ केलेले पट्टिताश्मांचे विस्तीर्ण उघडे भाग आहेत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले व्ही. आर्. मॅग्रेगर १९६५ पासून ग्रीनलंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी त्यांचा नकाशा तयार करीत होते. हे सर्व पट्टिताश्म एकाच काळातील असून ते मुळात गाळाचे खडक असावेत, असे तेव्हा सामान्यतः मानीत. मॅग्रेगर यांच्या लक्षात आले, की काही पट्टिताश्मांना काळ्या अँफिबोलाइटाच्या भित्ती (भेगांत शिलारस घुसून तयार झालेल्या उभ्या राशी) छेदून जातात. त्या वाकलेल्या, ताणलेल्या व तुटलेल्या असल्या तरी ओळखू येतात. दुसऱ्या पट्टिताश्मांत त्या अजिबात नाहीत. अर्थात पहिले भित्तींच्या आधीचे व दुसरे नंतरचे. पहिल्यांना त्यांनी आमीत्सोक व दुसऱ्यांना नूक ही नावे दिली. भित्तींना अमेरालिक फ्योर्डाचे नाव मिळाले. दोन्ही पट्टिताश्म मूळचे अग्निज आहेत, असेही त्यांचे मत होते. हे सारे केवळ पायी फिरून, होडीने किनारे पालथे घालून व हातोडा वापरून केलेले काम होते. त्यात एकही संख्या नव्हती आणि ते सहजी मान्यही झाले नाही.

मॅग्रेगर यांनी नमुने ऑक्सफर्ड विद्यापीठात एस्. मूरबाथ यांच्याकडे पाठविले. एल्. पी. ब्लॅक व इतरांनी (त्यांत मूरबाथ व मॅग्रेगर हेही होते) १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आमीत्सोक पट्टिताश्मांचे शिशाच्या समस्थानिकांवरून काढलेले वय ३६२ ± १० कोटी वर्षे आले. तोवर ३५० कोटींहून फारसे अधिक वय कोठेच खात्रीने ठरलेले नव्हते. पुढील वर्षी रुबिडियम-स्ट्राँशियम पद्धतीने ३७० ते ३७५ कोटींच्या दरम्यानची वये मिळाली, तर १९७३ मध्ये बर्फाच्या कडेला असलेल्या इसुआ येथील लोहयुक्त गाळाच्या खडकांचे वय ३७६ ± ७ कोटी वर्षे आले. भित्ती नसलेले नूक पट्टिताश्म सु. ८० कोटी वर्षांनी तरुण ठरले. मॅग्रेगर यांनी जमिनीवर ओळखलेला फरक अशा रीतीने संख्येने सिद्ध झाला.

याहून दूरगामी निष्कर्ष मूरबाथ यांनी आरंभीच्या स्ट्राँशियम प्रमाणावरून काढला. आमीत्सोक खडकांत ते सु. ०·७०१ आले, म्हणजे त्या काळच्या प्रावरणाच्या प्रमाणाहून फारसे वेगळे नाही. हे खडक त्याहून पुष्कळ जुन्या कवचाचे पुनर्वितळण होऊन बनले असते, तर हे प्रमाण अधिक आले असते. म्हणून खंडांचे द्रव्य वेळोवेळी प्रावरणातून नव्याने बाहेर पडत गेले व खंड हळूहळू वाढले, असे मत त्यांनी मांडले. पृथ्वीच्या आरंभीच सर्व खंडद्रव्य तयार झाले व नंतर त्याचीच पुनःपुन्हा मळणी झाली, या प्रतिपक्षाशी त्यांचा वाद बरीच वर्षे चालला.

या वयांसंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत रुबिडियमाच्या क्षयाचा स्थिरांक निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळा वापरीत. सिडनी येथे १९७६ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत ठरलेले व १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्य स्वीकारल्यावर ऑक्सफर्डची रुबिडियमावर आधारलेली वये सु. २ टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे ३७५ कोटींची ३६७ कोटी झाली. २०१५ मध्ये हे मूल्य पुन्हा दुरुस्त करण्यात आले व नवे मूल्य जुन्याच्या जवळ परतले. खडकात काहीही बदल झालेला नसताना पुस्तकांतील वये अशी दोनदा बदलली. जुने ग्रंथ वाचताना याचा विसर पडून पुष्कळ गोंधळ झालेला दिसतो.

झिर्कॉनचा पुरावा व वाद : ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत (कॅनबेरा) कॉम्पस्टन व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास आयनांची बारीक शलाका स्फटिकावर पाडून त्यावरील २०–३० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = ०·००१ मिमी.) रुंदीच्या ठिपक्याचे वय मोजणारे उपकरण कार्यान्वित केले. तोपर्यंत अनेक झिर्कॉन एकत्र विरघळवावे लागत व त्यांची सरासरी मिळे. आता एकाच स्फटिकाचा गाभा व त्याभोवतीचा थर यांची वये वेगवेगळी मोजता येऊ लागली. रूपांतरणाच्या वेळी जुन्या झिर्कॉनवर नवा थर चढतो. त्यात युरेनियमाच्या मानाने थोरियम बहुधा फार कमी असते, त्यावरून तो ओळखता येतो. म्हणजे खडकाचा जन्म व रूपांतरण ही दोन्ही एकाच कणात, झाडाच्या वलयांप्रमाणे, वाचता येतात.

हे साधन घेऊन ए. पी. नटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडचे खडक पुन्हा तपासले. आमीत्सोक पट्टिताश्म (व्यापक अर्थाने इत्साक संघ) एकजिनसी नसून ३९० ते ३६० कोटी वर्षे या दीर्घ काळात वेगवेगळ्या वेळी घुसलेल्या खडकांचे ते मिश्रण आहेत, असे त्यांनी १९९६ पर्यंत प्रतिपादन केले. ऑक्सफर्ड पक्षाला हे मान्य नव्हते. झिर्कॉन वितळलेल्या खडकातही टिकून राहतो. म्हणून ३८० कोटींहून जुने कण आधीच्या खडकातून उसने आलेले असू शकतात व खडकाचे खरे वय समकालरेषेने दाखविलेले सु. ३६५ कोटी हेच, असे मूरबाथ, एम्. जे. व्हाइटहाउस व बी. एस्. केंबर यांचे म्हणणे होते. उलटपक्षी, भिन्न वयांचे खडक एकाच रेषेत बसविले तर त्या रेषेला अर्थ राहत नाही व ३६५ कोटी हा तीव्र रूपांतरणाचा काल आहे, असे नटमन यांच्या बाजूचे उत्तर होते. दोन्ही बाजूंची मोजमापे उत्तम होती. मतभेद होता तो घड्याळ कोणती घटना दाखविते याविषयी.

हा वाद एरवी तज्ञांपुरता राहिला असता. परंतु १९९६ मध्ये एस्. जे. मॉयझिस व इतरांनी नूकच्या दक्षिणेस असलेल्या अकिलिया या लहान बेटावरील खडकात ॲपेटाइटाच्या कणांत अडकलेला हलका कार्बन सापडल्याचे जाहीर केले व तो ३८५ कोटी वर्षांहून जुन्या जीवसृष्टीचा अवशेष मानला. वयाचा आधार होता खडकाला छेदणाऱ्या पट्टिताश्माच्या थरातील झिर्कॉन. तो थर खरोखरच छेदून जातो का, झिर्कॉन त्याचेच की उसने, असे प्रश्न लगेच उपस्थित झाले. सी. एम्. फेडो व व्हाइटहाउस यांनी २००२ मध्ये तो खडक मुळात गाळाचा नसून द्रवांच्या अभिसरणाने बदललेला अग्निज खडक आहे, असा निष्कर्ष काढला. तर २००५ मध्ये दुसऱ्या एका गटाला त्या खडकाच्या ॲपेटाइटात ग्रॅफाइट आढळलेच नाही. अकिलियाचा दावा आजही निर्विवाद नाही. मात्र इसुआच्या दक्षिणेस फारसे न दाबले गेलेले, साध्या रचनेचे झिर्कॉन असलेले सु. ३८० कोटी वर्षांपूर्वीचे टोनॅलाइट १९९९ मध्ये वर्णिले गेले आणि त्यामुळे ३८० कोटींचे खडक ग्रीनलंडमध्ये आहेत, हे सामान्यतः मान्य झाले. ३६५ कोटी हा आकडाही चुकीचा नव्हता. तो एका खऱ्या व मोठ्या घटनेचा होता.

आयन-शलाकेने इतरत्रही विक्रम केले. कॅनडातील अकास्टा पट्टिताश्माचे वय १९८९ मध्ये ३९६ कोटी व पुढे १९९९ मध्ये सु. ४०३ कोटी वर्षे ठरले. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील झिर्कॉनचे वय २००१ मध्ये ४४० कोटी वर्षे आले. पण हा कण ज्या रूपांतरित पिंडाश्मात सापडला, तो खडक स्वतः सु. ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वृत्तपत्रांत त्याचे ‘सर्वांत जुना खडक’ असे वर्णन वारंवार येते, ते बरोबर नाही.

भारतातील खडक : अशीच एक चूक व तिची दुरुस्ती भारताच्या बाबतीतही झाली आहे. झारखंड-ओडिशा सीमेवरील सिंगभूम भागात ग्रॅनाइटांत अडकलेले अतिप्राचीन रूपांतरित खडकांचे अवशेष आहेत. एस्. एन्. सरकार, ए. के. साहा व जे. ए. मिलर यांनी १९६९ मध्ये पोटॅशियम-आर्‌गॉन पद्धतीने त्यांचे वय सु. ३२० कोटी वर्षे दिले होते. १९८१ मध्ये ए. आर्. बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत साहा व सरकार हेही होते) चंपुआ परिसरातील टोनॅलाइटी पट्टिताश्म व त्यांच्या बरोबरचे अँफिबोलाइट यांची समेरियम-निओडिमियम समकालरेषा काढली व तीवरून ३७७·५ ± ८·९ कोटी वर्षे हे वय मिळाले. भारताचे कवच ग्रीनलंडइतके जुने ठरल्याचा आनंद फार टिकला नाही. मूरबाथ यांच्या गटाने काही वर्षांतच त्याच खडकांचे शिशावरून सु. ३३८ कोटी वर्षे वय काढले. दोन भिन्न उगमांचे खडक एका रेषेत बसविल्याने १९८१ ची रेषा अधिक कलती आली होती. विशेष म्हणजे बसू हेच १९९४ मध्ये नव्या मोजमापांसह अँफिबोलाइटांसाठी ३३०·५ ± ६ कोटी वर्षे या वयावर आले.

एवढ्यावरही हे प्रकरण संपले नाही. जे. एन्. गोस्वामी व इतरांना १९९५ मध्ये तेथील रूपांतरित गाळाच्या खडकांत सु. ३५५ कोटी वर्षांपूर्वीचे झिर्कॉन सापडले आणि २०१८ मध्ये चंपुआच्या पट्टिताश्मातच ४०० ते ४२४ कोटी वर्षांपूर्वीचे मोजके उसने कण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. यामुळे खडकाचे वय बदलत नाही. परंतु त्याच्या आधी तेथे कोणते तरी कवच होते व त्याचा चुरा तेवढा शिल्लक राहिला, हे कळते.

महाराष्ट्राचा मोठा भाग दक्खनच्या बेसाल्टाने झाकलेला असल्याने असे प्राचीन खडक विदर्भाचा पूर्व भाग, सिंधुदुर्ग व त्यालगतचा गोवा येथेच मुख्यत्वे उघडे पडलेले आहेत. गोवा-कर्नाटक सीमेवरील अनमोड घाटातील ट्राँजेमाइटी पट्टिताश्माचे रुबिडियम-स्ट्राँशियम पद्धतीने काढलेले वय १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते ३४० ± १४ कोटी वर्षे असे आहे. गोव्याच्या भूविज्ञानावरील लेखनात त्यातील ‘± १४’ हा भाग गाळून केवळ ३४० कोटी ही संख्या देण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक या मर्यादेत ३२६ ते ३५४ कोटी वर्षे इतका काल सामावतो. म्हणजे हा खडक सिंगभूमच्या पट्टिताश्मांहून जुना, समकालीन की तरुण, हे या एका संख्येवरून सांगता येत नाही.